सात नंबर पाय पुढे करते

कुत्र्यानं पुढचा पाय उचलून माणसाच्या हातात दिला की लोक टाळ्या वाजवतात. 'शेकहँड केला, शेकहँड केला' म्हणत मोबाइल काढतात. माझ्या डोक्यात मात्र तिडीक जाते. अशा वेळी बायको कोपरानं ढोसते, "गप बसा, लोकांच्या घरी आलोय." मी गप बसतो. पण संपादकांनी निरोप धाडला की, नोकरीतलं काहीतरी गमतीदार लिहा. आता माझ्याच घरी, माझ्याच टेबलाशी बसून मी कशाला गप बसू? गंमत जमेल याची मात्र हमी नाही.

औषधांची चाचणी करणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत मी प्राणिगृहाचा सुपरवायझर होतो. गाव आमचं केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या अंगाला. नोकरी तिकडं लांब एमआयडीसीत. गावात आई सांगायची, "पोरगं औषदाच्या कंपनीत साहेब हाय." कसला साहेब! उंदीर, ससे, थोडी मांजरं आणि बीगल जातीची कुत्री यांचं खाणंपिणं, झाडलोट, आजारपण बघणारा माणूस. नवीन औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी जनावराला देऊन बघतात. रोज देतात, रक्त तपासतात, वजन करतात. तुम्ही डोकेदुखीवर जी गोळी पाण्याबरोबर गिळता, तिच्यामागे अशी किती जनावरं उभी असतात ते गोळीच्या पाकिटावर छापत नाहीत.

बीगल का निवडतात, ठाऊक आहे? आकारानं बेताचं असतं हे एक. पण खरं कारण म्हणजे ते चावत नाही. आपली गावठी कुत्री पहिल्याच सुईला माणसाचा हात फोडतील आणि वर भिंतीवरून उडी मारून निघून जातील. बीगलला टोचलं तरी संध्याकाळी ते शेपूट हलवतं. स्वभावानं गरीब, लवकर माफ करणारं. म्हणजे चांगुलपणा हाच त्याचा गुन्हा! जो उलटून चावत नाही त्यालाच टोचत बसायचं, हा जगाचा न्याय मी पगार घेऊन जवळून पाहिला आहे.

या कुत्र्यांना आम्ही एक गोष्ट शिकवायचो. रक्त काढतात ते पुढच्या पायाच्या शिरेतून. पिल्लू असल्यापासून रोज पिंजरा उघडायचा, हात पुढे करायचा, पाय धरायचा, थोडं खायला द्यायचं. होता होता कुत्रं इतकं सरावतं की हात पुढे आला की आपणहून पाय उचलून देतं आणि तोंड दुसरीकडे फिरवतं. माझ्या हाताखालच्या कुत्र्याला दोघा माणसांनी दाबून धरलंय असं कधी झालं नाही. धडपड नाही म्हणून इजाही कमी. याचा मला अभिमान होता. आजही थोडा आहे, आणि तो आहे याचाच राग येतो.

प्रयोग संपला, जनावर धडधाकट असलं, तर त्याची पुढची सोय संस्थेनं करायची असा नियम आहे. कागदावर छान दिसतो. आमच्याकडे ते काम माझ्या गळ्यात पडलं. कुत्र्याला लस द्या, नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्या, गळ्यात पट्टा घालून चालायला शिकवा, आणि घर शोधा. या कुत्र्यांनी माती बघितलेली नसते हो! पहिल्यांदा गवतावर सोडलं की विस्तवावर उभं केल्यासारखी पाय उचलतात. पिंजऱ्याच्या नळीतून पाणी प्यायची सवय, त्यामुळे पाण्यानं भरलेल्या भांड्यासमोर तहानलेली बसून राहतात. पायरी कळत नाही. ऊन कळत नाही.

आणि घेणारे कोण यायचे? माजलगावच्या एका सराफानं फोन केला, दुकानावर राखण करील का? मी म्हणालो, चोर आला तर त्याला पाय देईल. एका हेडमास्तरांचा पहिलाच प्रश्न, पिल्लं किती देईल? पिल्लं होणार नाहीत म्हटल्यावर, "मंग फुकट बी काय कामाची?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मुलांना काय शिकवत असतील कोण जाणे. मांजरांचं तेवढं सोपं. अंबाजोगाईच्या एका निवृत्त बाईंनी दोन मांजरं नेली आणि चार दिवसांत त्या मांजरांनी बाईंनाच घराच्या कोपऱ्यात बसवलं. मांजराला प्रयोगशाळा लक्षातच राहत नाही. कुत्र्याला सगळं लक्षात राहतं, आणि तरीही ते पाय पुढे करतं.

म्हणून माझा शिरस्ता होता: घर बघितल्याशिवाय कुत्रं द्यायचं नाही. अंगण आहे का, सावली आहे का, घरात दिवसभर माणूस असतं का, मी स्वतः जाऊन बघायचो. सात नंबरच्या वेळी मात्र प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी मला विचारलंच नाही. सात नंबर म्हणजे पाच-सहा वर्षांची एक मादी. कानाच्या आत हिरव्या शाईनं आकडा गोंदलेला, त्यातला शेवटचा सात, म्हणून ते नाव. वर्षानुवर्षं सुया खाऊन तिच्या उजव्या पायावरचे केस विरळ झाले होते. एका सकाळी पिंजरा रिकामा. साहेब म्हणाले, "तुमच्याच गावचे दूध संस्थेचे चेअरमन आले होते, ओळखीतून. घेऊन गेले. मोठा माणूस आहे. कुत्रीचं नशीब उघडलं!"

मी म्हणालो, "घर कोण बघणार?"

"चेअरमनचं घर बघायचं असतं का? दिसतंच की रस्त्यावरून."

त्या साली दुष्काळ होता. आमच्याकडे दुष्काळ ही काही बातमी नव्हे, पण त्या साली माजलगावचं धरणसुद्धा तळाला गेलं होतं आणि उभा ऊस जनावरांपुढे टाकायची वेळ आली होती. दूध संस्थेनं गावाबाहेर माळावर चारा छावणी उघडली होती. छावणी म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आसपासच्या गावांची जनावरं एका माळावर आणून बांधायची, तिथंच त्यांना चारापाणी. प्रत्येक घरचं एक माणूस जनावरांजवळ मुक्कामाला. कडब्याच्या आडोशाला चूल, बाजेखाली भांडी, उन्हाळाभर संसार तिथंच. जनावराच्या कानात छावणीचा पिवळा बिल्ला.

सुट्टी काढून मी गावी गेलो तो थेट छावणीवर. त्या दिवशी जिल्ह्याचे एक पुढारी पाहणीला येणार होते. त्यांच्या गाडीला धूळ लागू नये म्हणून रस्त्यावर टँकरनं पाणी मारणं चाललं होतं. आत म्हशी कोरड्या हौदात तोंड घालून उभ्या, आणि बाहेर रस्ता ओला! मी त्यावर तोंड उघडणार, तेवढ्यात मंडपातल्या टेबलावर मला सात नंबर दिसली.

गळ्यात लाल रिबीन. अंगाखाली पांढरी चादर. चेअरमन माईकवर होते. "ही बगा आपली राणी! विलायतेची जात! इतक्या दुष्काळात बी मुक्या जिवाला आधार देणारी आपली संस्था. ही माजी न्हाई, ही संस्थेची कुत्री हाय, तुमा समद्यांची हाय!" टाळ्या पडल्या. पुढाऱ्यांनी कौतुकानं हात पुढे केला. आणि सात नंबरनं उजवा पाय उचलून त्यांच्या हातात ठेवला.

मंडप खूश झाला. "सलाम घालतीया बगा!" पुढाऱ्यांमागून सरपंच, त्यामागून कार्यकर्ते, एकेकजण हात पुढे करायचा, आणि ती एकेकाला पाय द्यायची. फोटो निघत होते. प्रत्येक वेळी ती तोंड उलटीकडे फिरवत होती, डोळे मिटून घेत होती. प्रत्येक वेळी अंग आक्रसून वाट बघत होती. सुई येत नव्हती, दुसरा हात येत होता. तिच्या बिचारीच्या हिशेबानं मंडपातली सगळी माणसं तिचं रक्त काढायला रांगेत उभी होती. आणि ती कुणालाच नाही म्हणत नव्हती.

त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट आली. हिला या जन्मात एकदा तरी नाही म्हणता आलं पाहिजे. बाकी काही नको.

मी स्टेजवर चढलो. "साहेब, ती हात मिळवत नाहीये. तिला वाटतंय तुम्ही रक्त काढायला आलाय. तिला तसं शिकवलंय. मीच शिकवलंय."

पुढाऱ्यांनी चेअरमनकडे बघितलं, आणि मग खो खो हसले. "म्हंजे रक्तदान करती म्हना की! लई संस्कारी कुत्री हाय, चेअरमन!" सगळा मंडप हसला. चेअरमन माझ्या कानाशी आले. "उतर बे खाली. तुजी मास्तरकी तुज्या कंपनीत दाखव."

संस्कारी! तो शब्द अजून माझ्या कानात सलतो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला आपण संस्कारी म्हणतो आणि गळ्यात रिबीन बांधतो.

पाहुणे गेले तशी रिबीन निघाली. सात नंबरला पेंडीच्या गोदामाच्या खांबाला बांधलं, राखणीला. भुंकणं तिला माहीत नव्हतं; प्रयोगशाळेत भुंकून उपयोग काय? उन्हानं कान तापले तरी सावलीला सरकावं हे तिला सुचत नव्हतं. मी दोरी सोडून तिला आत घेत होतो, तेवढ्यात शेजारच्या आडोशातून एक बाई उठून आली.

ही इंदूमावशी. आमच्या शेजारच्या वस्तीवरची, पन्नाशीची. नवरा पुण्याकडे बांधकामावर, आणि ही एक म्हैस, दोन गाई घेऊन छावणीत मुक्कामाला. तोंडाची फटकळ. बोलायची सुरुवात कायम 'आगं बया' नं.

"आगं बया, तूच न्हवं का त्यो स्टेजवरचा? मला येक सांग. ही पाय देती ते देती, पर तोंड कावून फिरवती?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. एवढ्या लोकांनी फोटो काढले होते, ते फिरवलेलं तोंड कुणालाच दिसलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं सात नंबरच्या पायावरचे विरळ केस बघितले, आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मुडदा बशिवला तुमच्या कंपनीचा."

मी चेअरमनच्या घरी गेलो. म्हणालो, ही तुमच्याकडे जगायची नाही, परत द्या, मी चांगलं घर बघतो. चेअरमन झोपाळ्यावर होते. "दिल्यालं परत मागतूस व्हय बे? लोकं म्हनतील, चेअरमनला येक कुत्रं संबाळता येईना." साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "जाऊ द्या हो, मोठ्या माणसाला कशाला दुखावता? दुष्काळात तुम्हाला कुत्र्याचं सुचतंय कसं?"

हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. छावणीतही विचारायचे, "मान्साला पानी न्हाई आन् कुत्रीला कावून?" अरे, कुत्री पिते ती तांब्याभर! रस्त्यावर टँकर ओतला तेव्हा हा प्रश्न कुणाच्या घशात अडकला होता? माणसाच्या तहानेची आठवण आपल्याला नेमकी मुक्या जनावराच्या भांड्याकडे बघूनच का होते? मी चिडून असं काहीबाही बोललो की इंदूमावशी म्हणायची, "वरडू नगस. माज्या वाट्याचं पानी हाय, म्या कुनाला बी पाजीन."

सुट्टी संपली, मी कामावर परतलो. पुन्हा आलो ते संस्थेच्या वार्षिक सभेला. आईच्या नावावर सभासदत्व, ती थकलेली, म्हणून मी. सगळे छावणीतच असल्यामुळे सभाही त्याच मंडपात होती. आधी गोदामाकडे गेलो. सात नंबर खांबालाच होती, पण खांबावरून इंदूमावशीच्या आडोशापर्यंत एक फाटकं लुगडं ताणून सावली केलेली. पुढ्यात खोलगट दगडात पाणी. मावशी तिच्याकडे पाठ करून भाकरी थापत होती.

"अशी पाठ करून का बसलीस?"

"हात दिसला की पाय देती. म्हून म्या हात दावतच न्हाई. भाकर मागं टाकायची आन् आपलं काम करायचं. तिला वाटंल तवा खाईल." मग एकदम वळून म्हणाली, "कुत्री कुनाची हाय रं?"

"संस्थेची. चेअरमनच माईकवर म्हणाले की."

"मंग दूध घालनारी मी. मी बी संस्थाच की!"

सहकारी संस्थेची सभा ज्यांनी बघितली नाही त्यांना पुढचं कळायचं नाही. सचिव एका दमात विषय वाचतो, कुठं थांबतो ते त्यालाच कळत नाही, आणि तो श्वास घ्यायला थांबला की सभासद ओरडतात, "मंजूर!" विषय काय हे कुणी ऐकत नाही. चहा गार होत असतो. एका वर्षी सचिवानं चुकून तोच विषय दोनदा वाचला, तो दोन्ही वेळा मंजूर झाला. चेअरमननी ही सवय वर्षानुवर्षं मेहनतीनं लावली होती, त्यावर त्यांचं सगळं राज्य उभं होतं.

त्याही दिवशी तसंच चाललं. अहवाल मंजूर, ताळेबंद मंजूर, छावणीचा कारभार मंजूर. शेवटी सचिव म्हणाला, "अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय." हे नुसतं म्हणायचं असतं, असा विषय कधी येत नाही. चेअरमन आभार मानायला उठलेच होते, एवढ्यात बायांच्या घोळक्यातून इंदूमावशी उभी राहिली आणि सचिवाच्याच सुरात, एका दमात म्हणाली, "संस्थेची विलायती कुत्री सभासद इंदूबाई यास्नी कायमची संबाळाय देन्यात यावी."

"मंजूर!" अख्खा मंडप गरजला.

चेअरमन माईककडे झेपावले. "ए, थांबा थांबा! काय मंजूर? कशाला मंजूर?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "जे म्हनलं ते मंजूर. आमी कवा इचारलंय?"

हशा पिकला. चेअरमन लालबुंद. "ह्ये असं चालत न्हाई. न ऐकता मंजूर म्हनलं तर ते मंजूर न्हाई!"

आता मात्र मी उभा राहिलो. "चेअरमन, बरोबर बोललात. मग अहवालापासून सगळे विषय परत वाचू या. सावकाश. ऐकून मंजूर करू."

पहिल्यांदाच लोक खरोखर ऐकत होते, आणि चेअरमनना तेच नको होतं. त्यांनी रुमालानं मान पुसली. सचिवाकडे न बघता म्हणाले, "लिहा. मंजूर." आणि आभार न मानताच खाली उतरले.

ज्या सवयीनं हा माणूस सगळ्यांच्या डोक्यावर बसला होता त्याच सवयीनं एक कुत्री सुटली. मला आनंद झाला का? झाला. पण रागही आला. तेवढ्यात कुणीतरी म्हणायला हवं होतं, की हो, वाचा परत. कुणी म्हणालं नाही. चहा आला आणि सगळे उठले.

सात नंबर मावशीच्या आडोशाला आली. तिचं नाव 'बया' पडलं. मावशी येता-जाता 'आगं बया' म्हणायची आणि कुत्रीला वाटलं आपल्यालाच हाक आली. पुढं पाऊसपाणी झालं, छावणी उठली, दोघी वस्तीवर गेल्या, मी निवृत्त होऊन गावी आलो. दरवर्षी तिला लस टोचायला मीच जायचो. आणि दरवर्षी माझा हात पुढे आला की ती ओट्यावरून उतरून यायची, उजवा पाय उचलायची, तोंड फिरवायची. गवतात लोळायला शिकली होती, कोंबड्यांवर भुंकायला शिकली होती, मावशीच्या अंथरुणावर झोपायला शिकली होती. एवढं एक सुटत नव्हतं. मी घरी येऊन बायकोवर उगाच चिडायचो.

मग एका वर्षी गेलो. बया म्हातारी झाली होती, तोंड पांढरं झालं होतं. मी सुई भरली, ओट्याशी बसलो, हात पुढे केला. ती आली. हाताचा वास घेतला. पाय खालीच ठेवला. मी सवयीनं तिचा पाय धरायला गेलो, तर घशातून असा आवाज आला की मला आधी कळेचना तो कुणाचा. तिनं तोंड फिरवलं नाही. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं आणि माझ्या हाताचा कडकडून चावा घेतला.

"आगं बया!" मावशी पिठाच्या हातानं धावत आली. तिला मारायला हात उगारला. "ज्यानं सोडिवली त्यालाच चावलीस? भवाने!"

"मारू नको!" मी ओरडलो. "मावशी, तिला हात लावशील तर बघ!"

मी साबणानं हात धूत बसलो. धुता धुता हसू येत होतं, आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. बया अंगणाच्या मध्यभागी चारी पाय रोवून उभी होती, अजून गुरगुरत. इतकी वर्षं या धंद्यात काढली, आज पहिल्यांदा रक्त माझं निघालं होतं.